आख्यात, कृदंत आणि इंग्रजी क्रियापद : कुकटपल्लीच्या वर्गातील एक पाठ

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी व्याकरणातील 'फायनाइट' आणि 'नॉन-फायनाइट' क्रियापदांचा भेद महाविद्यालयात बहुधा दोन तासांत उरकला जातो. व्याख्या लिहून दिली जाते, तीन-चार उदाहरणे होतात आणि घटक पूर्ण झाला असे मानले जाते. विद्यार्थी ती व्याख्या परीक्षेत बिनचूक लिहितात आणि त्याच उत्तरपत्रिकेच्या पुढच्या पानावर 'ही डिड नॉट वेन्ट' असेही लिहितात. व्याख्या पाठ आहे, पण ती वाक्यात उतरत नाही. असे का होते आणि त्यावर भाषेच्या शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मी कुकटपल्लीतील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. हैदराबादच्या वायव्येचा हा भाग जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ, हाउसिंग बोर्डाची वसाहत आणि तिच्याभोवती वाढलेली वसतिगृहे यांसाठी ओळखला जातो. माझ्या वर्गात तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल दखनी बोलणारे. त्यांच्यासोबत नांदेड, देगलूर, उदगीर आणि आदिलाबाद या बाजूंनी आलेली काही मराठी मुलेही दरवर्षी असतात. घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू, मित्रांत दखनी आणि वहीत इंग्रजी अशी त्यांची भाषांची वाटणी असते.

त्यांतल्याच एका विद्यार्थिनीने एका कार्यालयाकडे प्रशिक्षणार्थी म्हणून घेण्याविषयी अर्ज लिहिला होता. वाक्य असे होते : 'रिक्वेस्टिंग यू टु गिव्ह मी ॲन अपॉर्च्युनिटी टु वर्क इन युअर ऑफिस.' अर्ज परत आला, आणि त्यावर शेरा होता की वाक्यात क्रियापद नाही. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, रिक्वेस्ट, गिव्ह, वर्क. तीन क्रियापदं आहेत की! मग क्रियापद नाही कसं?" तिचा प्रश्न रास्त होता. शेरा मारणाऱ्याचेही चुकले नव्हते. दोघे 'क्रियापद' हा एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरत होते, आणि हा गोंधळ सोडवणे हेच या घटकाचे खरे काम आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : फायनाइट आणि नॉन-फायनाइट हा भेद मराठी विद्यार्थ्याला नवा नाही. तो रोजच्या बोलण्यात हा भेद न चुकता पाळतो. आपण त्याला तो परका म्हणून शिकवतो, म्हणून तो परका राहतो. आधी त्याच्या भाषेत तो दाखवून द्यावा, मग मराठी आणि इंग्रजी कुठे वेगळ्या वाटेने जातात तेवढेच शिकवावे.

२. संज्ञांचा विचार

'फायनाइट' हा शब्द लॅटिनमधील 'मर्यादित केलेला' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. जे क्रियापद काळ, पुरुष आणि वचन यांनी बांधले गेले आहे ते फायनाइट. जे असे बांधलेले नाही ते नॉन-फायनाइट. विद्यार्थ्याला 'फायनाइट' म्हटले की गणितातला सांत-अनंत हा भेद आठवतो आणि तो बुचकळ्यात पडतो. म्हणून 'बांधलेले' आणि 'मोकळे' हे दोन साधे शब्द मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते.

आपल्याकडे हा भेद फार जुना आहे. पाणिनीय परंपरेत धातूला तिङ् प्रत्यय लागून तिङन्त रूप होते आणि कृत् प्रत्यय लागून कृदन्त. मराठी व्याकरणाने हीच वाटणी आख्यात आणि कृदंत अशी घेतली. ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे त्यातलीच. शालेय पुस्तकांत हेच सोप्या शब्दांत येते : वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद, आणि धातूपासून बनलेला पण क्रिया अपुरी ठेवणारा शब्द म्हणजे धातुसाधित किंवा कृदंत. 'अर्थ पूर्ण करणारा' हे तीन शब्द मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने कधीतरी पाठ केलेले असतात. इंग्रजीच्या तासाला त्यांची आठवण कोणी करून देत नाही, इतकेच.

तेलुगू व्याकरणाची संज्ञा तर आणखी नेमकी आहे. तेथे फायनाइटला समापक क्रिया आणि नॉन-फायनाइटला असमापक क्रिया म्हणतात. तेलंगणातील शाळांत असमापक क्रियांचे क्त्वार्थक, शत्रर्थक, चेदर्थक असे प्रकार शिकवले जातात. माझ्या वर्गातील तेलुगू मुलांना ही नावे तोंडपाठ असतात. तेव्हा 'नॉन-फायनाइट म्हणजे तुमची असमापक क्रिया' एवढे सांगितले, की अर्धा वर्ग मान डोलावतो. मराठी मुलांना 'कृदंत' म्हटल्यावर तशी ओळख पटत नाही, याचे कारण मराठी व्याकरण त्यांच्या हातून लवकर सुटते. हैदराबादेत वाढलेल्या कित्येक मराठी मुलांना तर ते कधी शिकवलेलेच नसते.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. शब्दांच्या आठ जाती मांडताना त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले आणि संस्कृत, इंग्रजी व मराठी या तिन्ही परंपरांची छाननी केली. म्हणजे इंग्रजीच्या चौकटीतून मराठीकडे पाहण्याला जवळजवळ दोनशे वर्षे झाली. मराठीच्या चौकटीतून इंग्रजीकडे पाहणे मात्र वर्गात अजून क्वचितच घडते.

३. एक वाक्य, चार भाषा

पाठाची सुरुवात मी एका मराठी वाक्याने करते : 'राम जेवून शाळेत गेला.' तेलुगू मुले त्याचे भाषांतर करतात : 'रामुडु अन्नं तिनि बडिकि वेळ्ळाडु.' दखनी बोलणारी मुले सांगतात : 'राम खाना खाको इस्कूल को गया.' जेवून, तिनि, खाको ही तिन्ही रूपे अपुरी आहेत. तेथे थांबले तर ऐकणारा 'मग पुढे?' असे विचारतो. गेला, वेळ्ळाडु, गया या शब्दांवर वाक्य संपते. तीन भाषांची रचना शब्दाला शब्द लावून जुळते.

हे साम्य योगायोगाचे नाही. मराठी 'ऊन' प्रत्ययाचे मूळ महाराष्ट्री प्राकृतात आहे, तर तेलुगू द्राविड कुळातील. तरीही शेकडो वर्षांच्या शेजाराने या भाषांची वाक्ये एकमेकींसारखी झाली आहेत. कॉलिन मासिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्रावर लिहिलेल्या ग्रंथात या ऊनान्त प्रकारच्या रूपांचा स्वतंत्र विचार केला आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या जवळिकीचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. कुपवाडला जे गावात आढळले, ते कुकटपल्लीत एका बाकावर आढळते.

आता चौथी भाषा. इंग्रजीत हेच वाक्य 'राम एट अँड वेन्ट टु स्कूल' असे सहज होते. येथे एट आणि वेन्ट दोन्ही बांधलेली, म्हणजे फायनाइट रूपे आहेत. 'हॅविंग ईटन, राम वेन्ट टु स्कूल' असेही म्हणता येते, पण ते बोलण्यातले इंग्रजी नव्हे. एकाच वाक्यात विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतात : भेद आपलाच आहे, आणि त्याचा वापर मात्र इंग्रजी वेगळ्या रीतीने करते.

४. बांधलेले रूप ओळखण्याच्या कसोट्या

इंग्रजी वाक्यातील फायनाइट क्रियापद ओळखायला व्याख्येपेक्षा कसोटी बरी. 'शी वॉन्ट्स टु बाय अ सारी बिफोर गोइंग टु नांदेड' हे वाक्य घेऊ. त्यात तीन क्रियावाचक शब्द आहेत.

पहिली कसोटी काळाची. वाक्य कालचे करा : 'शी वॉन्टेड टु बाय अ सारी बिफोर गोइंग टु नांदेड.' फक्त 'वॉन्ट' बदलले. 'बाय' आणि 'गोइंग' जागेवरच राहिले.

दुसरी कसोटी कर्त्याची. 'शी'च्या जागी 'दे' घाला : 'दे वॉन्ट टु बाय...' पुन्हा तोच एक शब्द बदलला. जो शब्द काळाला आणि कर्त्याला उत्तर देतो तो फायनाइट.

तिसरी कसोटी क्रियापदांच्या साखळीसाठी. 'ही हॅज बीन वर्किंग', 'शी डज नॉट नो', 'दे वुड हॅव कम' अशा साखळीत फक्त पहिला शब्द फायनाइट असतो. बाकीचे सगळे मोकळे. 'डिड' आल्यावर 'वेन्ट' का चालत नाही, 'डज' आल्यावर 'नोज' का चालत नाही, 'टु' पुढे 'वेन्ट' का येत नाही, या वेगवेगळ्या चुका म्हणून शिकवल्या जातात. वास्तविक चूक एकच आहे : काळाचा भार एकाने उचलल्यावर दुसऱ्यावरही तो लादला.

एक अपवाद सांगायलाच हवा. 'कॅन', 'मे', 'मस्ट' हे शब्द कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत, तरी ते फायनाइट आहेत. नकार त्यांनाच लागतो आणि प्रश्नात तेच पुढे येतात. त्यांच्या पुढचे रूप मोकळेच असते. मराठीत हे फार स्वच्छ दिसते : तो जाऊ शकतो, ती जाऊ शकते, ते जाऊ शकतात. 'शकणे' बदलत राहते, 'जाऊ' हलत नाही. ज्याला 'जातो शकतो' खटकते, त्याला 'कॅन गोज' खटकले पाहिजे.

मराठीच्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. मराठी कृदंते विशेषणासारखी वापरली की त्यांचे लिंग-वचन बदलते : रडणारा मुलगा, रडणारी मुलगी, तुटलेल्या खुर्च्या. तेवढ्याने ती आख्याते होत नाहीत. पुरुष आणि काळ यांची खूण त्यांच्यावर नसते आणि त्यांच्यावर वाक्य संपत नाही.

५. मराठी कृदंते आणि इंग्रजी मोकळी रूपे

इंग्रजीत मोकळी रूपे मोजकी आहेत : 'टु'सह किंवा 'टु'शिवाय मूळ रूप, 'इंग' लागलेले रूप आणि पास्ट पार्टिसिपल. मराठीत प्रत्यय जास्त आहेत, म्हणून मराठीतून इंग्रजीकडे जाणे सोयीचे पडते.

'ऊ' आणि 'आयला' : 'मला जाऊ दे' म्हणजे 'लेट मी गो', 'त्याने मला जायला सांगितले' म्हणजे 'ही टोल्ड मी टु गो'. 'शकणे' आणि 'देणे' यांच्याआधी मराठीत 'ऊ' येते, तेथे 'कॅन' आणि 'लेट' यांच्यापुढे 'टु' लागत नाही. ही जुळणी या दोन क्रियापदांपुरतीच धरावी. 'अलाऊ'चा अर्थ 'लेट'सारखाच असूनही त्याला 'टु' लागतो.

'णे' आणि 'ण्या' : 'पोहणे हा चांगला व्यायाम आहे' म्हणजे 'स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज'. नामाचे काम करणारे हे रूप इंग्रजीत जेरंड म्हणून ओळखले जाते. शब्दयोगी अव्ययापूर्वी मराठीत 'ण्या' होते : जाण्यापूर्वी, वाचण्यामुळे, भेटण्याविषयी. इंग्रजीतही प्रिपोझिशननंतर 'इंग'च येते : 'बिफोर गोइंग', 'अबाउट मीटिंग'. 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' ही चूक येथेच सुटते. तेथील 'टु' हा 'आयला' नव्हे, तो प्रिपोझिशन आहे. त्याच्यापुढे नाम ठेवून पाहावे : 'लुकिंग फॉरवर्ड टु द फेस्टिव्हल'. नाम बसते, म्हणून क्रियापदही 'मीटिंग' असे नामाच्या वेषात यायला हवे. मराठीत आपण 'भेटायला वाट पाहतो' म्हणत नाही, 'भेटण्याची वाट पाहतो' म्हणतो.

'त', 'णारा', 'लेला' : 'मूल रडत आले' म्हणजे 'द चाइल्ड केम क्रायिंग', 'रडणारे मूल' म्हणजे 'द क्रायिंग चाइल्ड', 'तुटलेली खुर्ची' म्हणजे 'द ब्रोकन चेअर'. 'णारा' आणि 'लेला' यांतील फरक हाच 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड' यांतील फरक. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे 'मी कंटाळा आणणारी आहे' आणि 'आय ॲम बोअर्ड' म्हणजे 'मी कंटाळलेली आहे', हे एकदा मराठीत ऐकले की पुन्हा सांगावे लागत नाही.

६. अडचणीच्या जागा

आता ज्या ठिकाणी मराठीची सवय विद्यार्थ्याला अडवते, त्या जागा पाहू.

पहिली जागा 'वाचतोय'. बोलण्यात आपण 'वाचत आहे' या दोन शब्दांचा एक शब्द करतो. तेलुगूत 'चदुवुतुन्नाडु' हा एकच शब्द आहे. म्हणून मुले 'ही रीडिंग अ बुक' असे एका शब्दात भागवतात. उपाय सोपा आहे : 'वाचतोय' उलगडून 'वाचत आहे' असे म्हणायला लावावे. 'वाचत' म्हणजे 'रीडिंग', 'आहे' म्हणजे 'इज'. बांधलेला शब्द कोणता राहून गेला, ते विद्यार्थी स्वतःच सांगतो.

दुसरी जागा नकाराची. 'तो गेला नाही' यात 'गेला' हे भूतकाळाचे रूप तसेच टिकते. तीच सवय 'ही डिड नॉट वेन्ट' मध्ये उतरते. तेलुगूत मात्र 'वेळ्ळलेदु' म्हणतात. त्यात 'वेळ्ळ' हे जाण्याचे मोकळे रूप आहे आणि नकार व भूतकाळ 'लेदु'वर येतो. म्हणजे 'डिड नॉट गो' ची रचना येथे तेलुगूला जवळची आणि मराठीला लांबची आहे. या ठिकाणी मी मराठी मुलांना तेलुगू मित्राकडून समजून घ्यायला सांगते. मराठीतच आधार हवा असेल तर 'तो जात नाही' घ्यावे. तेथे 'जात' मोकळे आहे, जसे 'डज नॉट गो' मध्ये 'गो'.

तिसरी जागा रूपसाम्याची. 'बॉट', 'वॉश्ड', 'अटॅक्ड' ही इंग्रजी रूपे भूतकाळाचीही आहेत आणि पार्टिसिपलचीही. 'द बुक्स बॉट इन आबिड्स वर चीप' या वाक्यात मुले 'बॉट'ला मुख्य क्रियापद समजतात आणि पुढच्या 'वर'ला अडखळतात. मराठी करून पाहावे : आबिड्सला घेतलेली पुस्तके स्वस्त होती. 'घेतली' आले असते तर आख्यात. 'घेतलेली' आले, म्हणून कृदंत. जो फरक इंग्रजी लपवते तो मराठी उच्चारून सांगते. गंमत अशी की मराठीचे 'गेला', 'केला' हे लाख्यातही मुळात संस्कृतच्या भूतकालवाचक कृदंतांच्या वंशातले आहे. 'रामने पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीच्या लिंगाप्रमाणे चालते, त्याचे कारण हेच. आज ते वाक्य पूर्ण करते, म्हणून आज ते आख्यात. रूपावरून निर्णय होत नाही, वाक्यातील कामावरून होतो.

चौथी जागा 'ताना'ची. 'स्टेशनवर थांबलेली असताना पाऊस सुरू झाला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. थांबणारी मी आणि सुरू होणारा पाऊस, असे दोन कर्ते मराठीला चालतात. त्याचे 'वेटिंग ॲट द स्टेशन, द रेन स्टार्टेड' असे इंग्रजी केले, की पाऊसच मेट्रोची वाट पाहत उभा होता असा अर्थ निघतो. इंग्रजीत सुरुवातीच्या 'इंग' रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. तसा नसेल तर मोकळे रूप सोडून बांधलेले घ्यावे : 'व्हाइल आय वॉज वेटिंग, इट स्टार्टेड टु रेन.'

पाचवी जागा अर्जाची. मराठी अर्जाचा शेवट 'रजा मंजूर व्हावी, ही विनंती' असा होतो. 'विनंती'नंतर 'आहे' लिहायची गरज आपल्याला वाटत नाही. तेलुगूतही 'आयन टीचर' एवढ्यात वाक्य पूर्ण होते, 'आहे'साठी शब्द लागत नाही. इंग्रजीला ही सवलत मान्य नाही. वर दिलेल्या अर्जातील 'रिक्वेस्टिंग', 'टु गिव्ह' आणि 'टु वर्क' ही तिन्ही कृदंते आहेत. 'विनंती करत, देण्यासाठी, काम करायला' असे त्याचे मराठी केले तर वाक्य लोंबकळलेले ऐकू येते. 'आय रिक्वेस्ट यू' असे दोन शब्द बदलले की ते जागेवर बसते.

७. दोन भाषांचा जमाखर्च

येथवर आपण मोकळ्या रूपांची जुळणी पाहिली. पण प्रत्येक मराठी कृदंताला इंग्रजी मोकळे रूपच लावावे असे समजणे चुकीचे होईल. 'ती उठून, आंघोळ करून, डबा भरून, मेट्रो पकडून कॉलेजला आली' या वाक्यात चार कृदंते आणि एक आख्यात आहे. प्रत्येक 'ऊन'ला 'हॅविंग' लावणारा विद्यार्थी व्याकरण मोडत नाही, पण त्याचे इंग्रजी वाचवत नाही. इंग्रजी येथे पाच बांधलेली रूपे ओळीने मांडते : 'शी गॉट अप, हॅड अ बाथ, पॅक्ड हर लंच, टुक द मेट्रो अँड केम टु कॉलेज.' तसेच 'काल आलेला माणूस' याचे इंग्रजी 'द मॅन हू केम यस्टरडे' होते. मराठीचे 'आलेला' मोकळे, इंग्रजीचे 'केम' बांधलेले.

यावरून असे म्हणता येईल की मराठी आपली वाक्ये कृदंतांवर तोलते आणि शेवटी एका आख्याताने गाठ मारते. इंग्रजी ठिकठिकाणी लहान गाठी मारत जाते. भाषांतर करताना 'कोणता प्रत्यय' हा प्रश्न पुरत नाही. 'इंग्रजी येथे गाठ मारील का' असेही विचारावे लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना हा विचार वाक्यागणिक करावा लागे. भाषांतर पद्धती मागे पडली तेव्हा तिच्या कंटाळवाण्या घोकंपट्टीबरोबर ही तुलनेची सवयही गेली.

८. स्वाध्याय

पुढील वाक्यांतील बांधलेले रूप ओळखावे आणि प्रत्येकाचे मराठी करून पडताळावे.

(१) माय ब्रदर हॅज बीन लर्निंग तेलुगू.
(२) आय सॉ हर क्रॉस द रोड.
(३) दे मेड अस वेट.
(४) द लेटर रिटन बाय माय ग्रँडफादर इज इन मोडी.
(५) थँकिंग यू.

उत्तरे : (१) हॅज. 'बीन' आणि 'लर्निंग' मोकळी. (२) सॉ. 'क्रॉस' मोकळे, कालचे वाक्य असूनही 'क्रॉस्ड' झाले नाही, हीच खूण. (३) मेड. 'वेट' मोकळे. मराठीत येथे 'थांबवले' असे एकच प्रयोजक क्रियापद येते, म्हणून 'टु वेट' लिहिण्याचा मोह होतो. (४) इज. 'रिटन' म्हणजे 'लिहिलेले', 'लिहिले' नव्हे. (५) यात बांधलेले रूप नाही. जुन्या पत्रांत 'थँकिंग यू, आय रिमेन' असे लिहून मग सही करीत, तेव्हा 'रिमेन' हे फायनाइट क्रियापद होते. पुढे ते गळले आणि उरलेला तुकडा रूढीने टिकला. पत्राच्या शेवटी तो चालतो, पत्राच्या पोटात चालत नाही.

९. समारोप

हैदराबादेत १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. आज ती इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. इंग्रजी कसे शिकवावे याचा विचार या शहरात दीर्घकाळ होत आला आहे. तरी शहराच्या सामान्य वर्गांत, इंग्रजीच्या तासाला घरची भाषा तोंडातून निघाली तर मुले अजून जीभ चावतात. जी भाषा चुकांचे कारण म्हणून बाहेर ठेवली जाते, त्याच भाषेत त्या चुकांचा उलगडाही आहे, हे वरील उदाहरणांवरून दिसावे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. मराठीच्या शिक्षकांनी आठवी-नववीत कृदंत शिकवताना प्रकारांची नावे घोकवण्याऐवजी 'कोणत्या शब्दावर वाक्य संपते आणि कोणत्यावर संपत नाही' हे कानाने ओळखायला शिकवावे. इंग्रजीच्या शिक्षकांनी फायनाइटची व्याख्या देण्यापूर्वी दहा मिनिटे विद्यार्थ्यांच्या भाषेतील एका वाक्यावर घालवावीत. वर्गात चार भाषा असतील तर चारही ऐकाव्यात. हैदराबादेतील ज्या मराठी मुलांना देवनागरी वाचता येत नाही त्यांनाही हे जमते, कारण 'जेवून' वर वाक्य संपत नाही हे ओळखायला लिपी लागत नाही. घरात मराठी बोलली जात असेल, तर तेवढे भांडवल पुरेसे आहे.